बाथटबमध्ये पडलेला चॅम्पियन

परवा मेसमध्ये वाद झाला. मी म्हणालो, रेनान बराओला डिलशॉने हरवलं, पण संपवलं ते पाण्याने. सगळे हसले. म्हणून हा लेख.

2005 साली पहिलीच लढत हरलेला हा ब्राझिलियन पठ्ठ्या पुढची नऊ वर्षं हरलाच नाही. 32 विजय! यूएफसीच्या बँटमवेट गटाचा चॅम्पियनही झाला. मे 2014 मध्ये टी. जे. डिलशॉने त्याला पाचव्या फेरीत आडवा केला. त्याचं खापर मी वजनावर फोडत नाही, डिलशॉ त्या रात्री सरसच होता.

ऑगस्टमध्ये पुन्हा लढत ठरली. मर्यादा 61.2 किलो. वजन आदल्या दिवशी होतं, म्हणून ही मंडळी गरम पाण्यात बसून घाम गाळतात आणि काट्यावरून उतरली की ढसाढसा पाणी पितात. हिशेब झकास! पण घामाबरोबर रक्तातलंही पाणी जातं. रक्त कमी, म्हणून हृदयाचे ठोके जास्त. आणि झटकन उभं राहिलं की मेंदूला रक्त कमी पडून अंधारी येते. बराओ टबमधून उठताना असाच कोसळला, डोकं आपटलं. लढत गेली.

2015 मध्ये तो डिलशॉकडून पुन्हा हरला. 2016 मध्ये वरच्या गटात एक हार, एक जीत. माझ्या मते तिथंच राहायला हवं होतं. गडी परत खाली उतरला. 2018 मध्ये एकदा काटा अडीच किलो जास्त दाखवत होता. शेवटच्या पाच लढती ओळीने हरून 2019 मध्ये तो यूएफसीतून बाहेर पडला.