सही करता येते तोवर

स्मृतिभ्रंश आणि आपले घर : लेखांक ७

मागच्या दोन लेखांकांत उघडा राहिलेला गॅस आणि घराबाहेर चुकलेली वाट, या धोक्यांविषयी लिहिले. आजचा धोका पैशाचा. तो बहुतेक घरांत फार उशिरा कळतो. खाते ज्याचे त्याचेच असते, सहीही त्याचीच असते आणि पैसे त्याने आपल्या हाताने दिलेले असतात. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात वावगे काहीच दिसत नाही.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे शंभरातल्या सातांहून अधिक ज्येष्ठांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने मांडला. यातल्या बऱ्याच जणांचे निदान झालेलेच नसते. पैशाची घडी मात्र निदानाच्या कितीतरी आधी विस्कटू लागते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले की, पुढे स्मृतिभ्रंशाचे निदान झालेल्या लोकांची बिले निदानाच्या सहा वर्षे आधीपासून थकू लागली होती. आपल्याकडे याच खुणा वेगळ्या रूपात दिसतात. सोसायटीचा मेंटेनन्स दोनदा भरला जातो, सही जुळत नाही म्हणून चेक परत येतो, पासबुकात कुणालाच आठवत नसलेली रक्कम निघालेली दिसते. जन्मभर पै-पैचा हिशेब ठेवणारे अण्णा ‘बघू नंतर’ म्हणून वही मिटतात.

‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ ही सूचना आपण रोज ऐकतो. ऐकणाऱ्याने ती लक्षात ठेवावी आणि ऐन वेळी आठवावी, हे त्यात गृहीत धरलेले आहे. स्मृतिभ्रंशात नेमके तेच जमत नाही. शिवाय संशय घेणे ही मेंदूसाठी सोपी गोष्ट नाही. फोनवरचा माणूस काय बोलतोय ते डोक्यात धरून ठेवायचे, जुन्या अनुभवाशी ताडायचे आणि घाई न करता थांबायचे, ही सगळी मेंदूच्या पुढच्या भागाची कामे. फ्रंटोटेम्पोरल प्रकारच्या स्मृतिभ्रंशात तर स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असतानाच व्यवहाराचे भान सुटते. इतर प्रकारांत सौजन्य मात्र बऱ्याचदा टिकून राहते. ‘साहेब’ बोलत असताना फोन ठेवायचा नाही, ही आयुष्यभराची सवय जात नाही.

फसवणारे याच सवयीवर डाव टाकतात. हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन थांबेल, बिल थकले म्हणून आज रात्री वीज तोडू, तुमच्या आधारवर गुन्हा दाखल झालाय म्हणून तुम्हाला ‘डिजिटल अटक’ केली आहे. आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्येही सांगितले. पण तीन दिवसांपूर्वी फसलो होतो हेच ज्याला आठवत नाही, त्याला या इशाऱ्याचा काय उपयोग? एकदा पैसे देणाऱ्याला पुन्हा फोन येतो, आणि या वेळी ‘गेलेले पैसे परत मिळवून देतो’ असे सांगणारा कुणी असतो.

नुकसान झाल्यावर नियम फारसा हात देत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची चूक नसताना तिऱ्हाइताने पैसे काढले आणि तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. त्याला आजार होता का, हा प्रश्न तिथे येत नाही. म्हणून सांगून, समजावून किंवा रागावून भागणार नाही. चूक होणारच, हे धरून ती लहान राहील अशी व्यवस्था लावावी लागते.

पहिली गोष्ट, दोन खाती. एक हातखर्चाचे. त्यात महिन्याला लागेल तेवढीच रक्कम ठरावीक तारखेला वळती होते. कार्ड असलेच तर ते याच खात्याचे. दूध, भाजी, नातवंडांना खाऊ हे अण्णांनी पूर्वीसारखे स्वतः घ्यावे. बाकीची पुंजी दुसऱ्या खात्यात आणि मुदत ठेवींत. त्यावर नेट बँकिंग आणि यूपीआय नको. पैसे काढायला दोघांच्या सह्या लागतील अशी नोंद मात्र हवी. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ खात्यात दोघांपैकी कुणीही एकटा सगळी रक्कम काढू शकतो. सोयीसाठी उघडलेले हे खाते कधीकधी घरातल्याच लोभाला वाट करून देते.

दुसरी गोष्ट, कार्ड आणि आधार. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून होणारे व्यवहार बंद ठेवण्याची, मर्यादा घालण्याची सोय ऑक्टोबर २०२०पासून सगळ्या बँकांना द्यावी लागते. ती वापरा. आधारवरचे बायोमेट्रिकही कुलूपबंद करता येते. नाहीतर अंगठ्याच्या ठशावरही पैसे निघू शकतात. फोनमध्ये साठवलेल्या क्रमांकांचेच कॉल वाजतील अशी सेटिंग करून घ्या. आणि तरीही पैसे गेलेच, तर घरातल्या चर्चेत तास घालवू नका. लगेच १९३० वर तक्रार नोंदवा आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या काही तासांतच असते.

आता अवघड भाग. फसवणारा नेहमी दूरच्या शहरातूनच बोलतो असे नाही. तो उशाशी बसून औषध देणारा असू शकतो, गावाकडचा पुतण्या असू शकतो, क्वचित पोटचा मुलगाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात एका दुपारी बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र होऊन जाते आणि लेकीला ते फेरफार झाल्यावर कळते. भारतीय करार कायदा १८७२चा आहे, पण त्याच्या कलम १६मध्ये वय किंवा आजाराने मन दुबळे झालेल्या माणसावर अनुचित दबाव आणून केलेल्या कराराचा स्पष्ट उल्लेख आहे. असा करार रद्द करून घेता येतो. फक्त ते कोर्टात सिद्ध करावे लागते.

‘मुखत्यारपत्र करून ठेवले आहे’ असे म्हणून अनेक कुटुंबे निश्चिंत असतात. त्याच कायद्याचे कलम २०१ सांगते की, मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन विकल झाले की ती मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निकामी होतो. इंग्लंडमध्ये मानसिक क्षमता गेल्यावरही चालू राहणाऱ्या मुखत्यारपत्राची तरतूद आहे, आपल्याकडे नाही. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाच्या मालमत्तेच्या व्यवस्थापनाची सोय होती. त्याची जागा घेणाऱ्या २०१७च्या कायद्यात उपचारांसाठी प्रतिनिधी नेमता येतो, मालमत्तेसाठी नाही. मग उच्च न्यायालयात जावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत मुलांना किंवा जोडीदाराला पालक नेमले आहे. पण यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

म्हणून निदानानंतरचे पहिले काही महिने मोलाचे. निदान झाले म्हणजे त्या दिवसापासून सही निरर्थक झाली, असे नाही. करार करताना किंवा मृत्युपत्र करताना माणसाला ते समजत होते का, हे कायदा पाहतो. मृत्युपत्र याच काळात करा. दोन साक्षीदार लागतातच. त्यांतला एक डॉक्टर असला आणि मानसिक स्थितीचा दाखला त्याच तारखेचा असला, तर पुढचे वाद कमी होतात. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवलेली बरी. घर मुलांच्या नावे करायचेच असेल तर सांभाळ करण्याची अट दस्तात लिहून घ्या. ती पाळली नाही तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३खाली, उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दस्त रद्द करण्याची मागणी करता येते. अट लिहिलेली नसेल तर हीच लढाई अवघड होते.

हे सगळे अण्णांच्या पाठीमागे करू नका. पासबुक लपवले की त्यांना आपलीच माणसे चोर वाटू लागतात, आणि ‘तुमची मुलं तुम्हाला लुबाडतायत’ म्हणणारा परका त्यांना जवळचा वाटतो. ‘अण्णा, बँकेचं आता आपण दोघं मिळून बघू या’ असे म्हणून पासबुक भरायला त्यांना सोबत न्या. भावंडांनाही दर महिन्याचा हिशेब दाखवा. व्यवहार पाहणाऱ्या मुलावर नंतर आळ येऊ नये म्हणूनही ते गरजेचे आहे. घरातूनच छळ होत असेल तर ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७ आहे.

या आठवड्यात निदान एवढे करा : खात्यांची यादी, कार्डाची मर्यादा आणि मृत्युपत्रासाठी डॉक्टरांची वेळ. यातले तिसरे काम लांबणीवर टाकायचा मोह सर्वांत जास्त होतो, आणि नंतर हातचे जाते तेही तेच.

(पुढील लेखांक : संध्याकाळी वाढणारी अस्वस्थता)