बांबूच्या जोडफळ्या व धनुष्यनिर्मिती

परभणी जिल्ह्यात बांबू म्हटला की शिडी, टोपली आणि सूप डोळ्यांपुढे येते. तिरकमठा मात्र मुलांचे खेळणे मानला जातो. वास्तविक सातपुड्यातील भिल्ल समाजाचे धनुष्य बांबूचेच असते, आणि आपल्या देशातील तिरंदाजीच्या स्पर्धांतही बांबूच्या धनुष्याचा स्वतंत्र प्रकार आहे. अलीकडे फरशी व सामानासाठी तयार बांबूच्या फळ्या मिळू लागल्याने त्यांतून धनुष्य कापावे असा मोह कारागिरास होतो. या फळीचा उपयोग होतो. पण ती चुकीच्या जागी वापरल्यास भर ताणात तुटून मुलाच्या तोंडावर येते.

जोडफळी अशी तयार होते : बांबू चिरून त्याच्या पट्ट्या काढतात, बाहेरची साल व आतला मऊ गर रंध्याने काढून टाकतात, पट्ट्या उकळून वाळवितात आणि चिकटद्रव्य लावून दाबाखाली जोडतात. फळी सरळ, सपाट, कोरडी व सर्वत्र सारख्या जाडीची मिळते. अख्ख्या बांबूच्या कामटीत हे गुण नसतात.

परंतु धनुष्याचे सारे बळ कोठे असते, हे येथे पाहावयास हवे. दोरी ओढली की धनुष्याची बाहेरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि नेमबाजाकडील पोट दाबले जाते. बांबूचे तंतू सालीलगत सर्वांत दाट असतात व ताण सोसण्यात ते फार चिवट असतात. जोडफळी करताना नेमका हाच भाग बराचसा रंध्याखाली जातो. म्हणून नुसत्या फळीच्या धनुष्याची पाठ दुबळी राहते. पाठीला सालीसह अखंड कामटी आणि गाभ्याला किंवा पोटाला जोडफळी, ही योजना उत्तम होय. जपानचे सात फुटांहून लांब धनुष्य याच तत्त्वावर बनते : दोन्ही बाजूंस बांबू व मध्ये बांबूच्या आणि लाकडाच्या पट्ट्यांचा गाभा.

फळी घेताना तिची कड नीट पाहावी. काही फळ्यांत पट्ट्या मध्येच टोकाला टोक लावून सांधलेल्या असतात. असा सांधा वाकणाऱ्या भागात आला तर धनुष्य तेथेच मोडते. वाफेने गडद तपकिरी केलेली फळी दिसावयास सुंदर असली तरी फिकट फळीपेक्षा कमी बळाची असते. तंतू दाबून केलेली अतिजड फळीही टाळावी. जड बाहू बाणास वेग देत नाहीत.

जोडणीसाठी इपॉक्सी चिकटद्रव्य वापरावे. दोन्ही पृष्ठे कानशीने खरवडून, धूळ पुसून, शिकंजे सारखे आवळावे. कामटीच्या पाठीवरील गाठी तासून सपाट करू नयेत, कारण त्यामुळे तंतू तुटतात. धनुष्याचा तोल काढताना घाई नको. बाहूचा ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो : १० मिलिमीटरचा बाहू ९ मिलिमीटर झाला की चौथाईहून अधिक ताठपणा जातो. म्हणून तासणे पोटाकडूनच, थोडे थोडे, दोन्ही बाहू एकसारखे वाकतात हे पाहत करावे.

पाठीची कामटी शेताच्या बांधावरून मिळू शकते. कोरड्या हवेस मानवणारा जाड भिंतीचा मानवेल बांबू यास चांगला. बेटातील त्याच वर्षीचा कोवळा बांबू तोडू नये. तीन-चार वर्षांचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला घ्यावा व सावलीत वाळवावा. भारतीय वन अधिनियमाच्या २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे बांधावरचा बांबू तोडण्यातील जुनी अडचण दूर झाली आहे.

तयार धनुष्य प्रथम भिंतीवरील खुंटीस अडकवून, लांब दोरीने दुरून ओढावे, आणि करकर ऐकू आली तर ते कोणाच्याही हाती देऊ नये. बाण न लावता ताणलेली दोरी सोडणे घातक असते. रानडुकरांनी पीक नासविले तरी त्यांच्यावर हे धनुष्य चालवू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये विनापरवाना शिकार गुन्हा ठरते. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या छताखालील उष्णतेने चिकटद्रव्य सैल पडते, तेव्हा दोरी उतरवून धनुष्य घरातील थंड भिंतीशी आडवे टांगावे.