भाजण्याआधीची जयणा

घाटकोपर-मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या अनेक जैन घरांत वांगे बहुबीज म्हणून वर्ज्य असते. तेथे भरिताची हौस ढोबळी मिरची भागवते. मात्र वांग्याप्रमाणे ती अखंड विस्तवावर ठेवू नये. बाहेरून निष्कलंक दिसणाऱ्या मिरचीच्या पोकळीतही अळी असू शकते. म्हणून आधी देठाजवळ बारीक छिद्र आहे का ते पाहावे, मग मिरची उभी चिरून उजेडात आतून निरखावी. अळी आढळल्यास त्या भागासह हळुवार अलग करून सावलीत ठेवावी.

शुद्ध काप सालीची बाजू ज्योतीकडे करून जाळीवर भाजावेत. सालीखालच्या पाण्याची वाफ होऊन साल फुगते व काळवंडते. काप लगेच पातेल्यात १० मिनिटे झाकून ठेवल्यास ती सुटी होते. साल हातानेच काढावी. नळाखाली धुतल्यास स्वाद वाहून जातो. गर ठेचून त्यात मीठ, लिंबू, शेंगदाण्याचे कूट घालावे व वरून हिंगाची फोडणी द्यावी.

पर्वतिथीला हिरवी भाजी टाळणाऱ्यांनी हा बेत अन्य दिवशी करावा. तोही सूर्यास्तापूर्वी संपेल इतकाच. चिरल्याने धुरकट स्वाद किंचित उणावेल. पण तेवढ्या त्यागात एखाद्या जीवाला अभय मिळते.