आधी शेताचा आराखडा, मग अनुदानाचा अर्ज
छोट्या शेतीच्या अनुदान-नियोजनातले सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०१५-१६च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन १.३४ हेक्टर, म्हणजे साधारण सव्वातीन एकर आहे. एवढ्या जमिनीवर घर चालवायचे, मुलांची शिक्षणे करायची आणि वर शेततळे, पंप, ठिबक, फळबाग, औजारे स्वतःच्याच खिशातून उभी करायची, हे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून अनुदान मागण्यात कमीपणा नाही. अल्पभूधारकासाठी ते ठेवलेलेच आहे आणि त्याने ते हक्काने घ्यावे.

अडचण आहे ती मागण्याच्या पद्धतीत. व्हॉट्सॲपवर योजनेची बातमी फिरते, दुसऱ्या दिवशी सेवा केंद्रात गर्दी होते आणि जे मिळेल त्याला अर्ज टाकला जातो. अशा वेळी आपल्या शेतात काय उभे राहणार हे योजनेच्या यादीवर ठरते, शेताच्या गरजेवर ठरत नाही. मग पाण्याची सोय नसताना ठिबकच्या नळ्या येऊन पडतात, किंवा वर्षातून आठ दिवस चालणारे औजार दारात उभे राहते. पाच-सात वर्षांचा विचार करून अनुदान घ्यायचे असेल, तर पुढचे गैरसमज आधी दूर करावे लागतील.

गैरसमज १ : ८० टक्के अनुदान म्हणजे आपल्याला फक्त २० टक्के घालायचे.

वस्तुस्थिती : ठिबक सिंचनाला केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून त्यात भर पडून ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्के होते. पण ही टक्केवारी शासनाने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर मोजली जाते, दुकानदाराच्या बिलावर नाही.

हिशोब करून पाहू. समजा संचाचे बिल झाले १,५०,००० रुपये आणि तेवढ्या क्षेत्राचा मापदंड आहे १,२०,०००. त्याचे ८० टक्के म्हणजे ९६,०००. उरलेले ५४,००० आपले. म्हणजे प्रत्यक्षात ८० नव्हे, ६४ टक्केच मदत मिळाली. शिवाय आधी सगळे पैसे आपण भरायचे आणि अनुदान नंतर खात्यात येणार. ते यायला काही महिने सहज लागतात, निधी अडकला तर त्याहून जास्त. मधल्या काळासाठी ९६,००० रुपये सावकाराकडून शेकडा दोन रुपये महिन्याने उचलले आणि अनुदान दहा महिन्यांनी आले, तर १९,२०० रुपये व्याजात गेले. अनुदानाचा पाचवा हिस्सा संपला.

म्हणून प्रत्येक योजनेपुढे तीन आकडे लिहा : मापदंडाप्रमाणे मिळणारी रक्कम, आपला खरा वाटा आणि अनुदान येईपर्यंत अडकणारे भांडवल. तिसऱ्या आकड्याची सोय झाल्याशिवाय खरेदी करू नका.

गैरसमज २ : आधी वस्तू घेऊन टाकू, बिल जपून ठेवू, अर्ज नंतर करू.

वस्तुस्थिती : राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या बहुतेक घटकांचा क्रम ठरलेला आहे : अर्ज, निवड, कागदपत्रांची छाननी, पूर्वसंमती, खरेदी किंवा काम, बिल अपलोड, मोका तपासणी आणि मग खात्यात रक्कम. पूर्वसंमतीच्या तारखेआधीचे बिल चालत नाही. हंगाम तोंडावर आला म्हणून रोटाव्हेटर आधीच घेऊन ठेवला, तर त्याचे अनुदान गेलेच म्हणून समजा. पूर्वसंमतीनंतरही मुदत असते. ती उलटली तर संमती रद्द होते.

औजार कोणते घ्यायचे यालाही नियम आहे. मान्यताप्राप्त संस्थेचा परीक्षण अहवाल असलेलेच मॉडेल अनुदानाला पात्र ठरते. विक्रेत्याकडून कोटेशन घेतानाच त्या मॉडेलचा अहवाल मागून घ्या. ट्रॅक्टरचलित औजार हवे असेल तर कुटुंबात कुणाच्या तरी नावे ट्रॅक्टर असल्याचा पुरावा लागतो.

गैरसमज ३ : अनुदान हा नशिबाचा नाहीतर ओळखीचा खेळ आहे.

वस्तुस्थिती : पूर्वी महाडीबीटीवर संगणकीय सोडत निघायची, त्यामुळे नशिबाच्या बोलण्यात तथ्य होते. २०२५-२६पासून प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य हे धोरण आले. आता तयारीला किंमत आहे. ज्याचे कागद आजच पूर्ण आहेत तो पुढे जातो. कागदांसाठी ज्याच्या चकरा सुरू आहेत तो रांगेत मागे राहतो.

एजंटाची गरजही वाटते तेवढी नाही. या पोर्टलवरच्या कृषी योजनांच्या अर्जाचे शुल्क २३ रुपये ६० पैसे आहे. सेवा केंद्रचालकाची वाजवी मजुरी त्यावर द्या, पण 'मंजुरी करून देतो' म्हणून कुणी हजारो रुपये मागत असेल तर त्याच्या हाती देण्यासारखे काहीही नाही. सौर पंपाच्या नावाने खोट्या वेबसाइट काढून पैसे उकळण्याचे प्रकार झाले आहेत आणि केंद्र सरकारने त्याबद्दल वेळोवेळी सावध केले आहे. अधिकृत पोर्टल सोडून कुठल्याही खात्यावर हिस्सा भरू नका. ओटीपी कुणालाही सांगू नका.

गैरसमज ४ : कागदपत्रांचे अर्ज मंजूर झाल्यावर बघू.

वस्तुस्थिती : छोट्या शेतकऱ्याचे सर्वाधिक अर्ज इथेच अडकतात. जमीन अजून आजोबांच्या नावावर, वारसनोंद झालेलीच नाही. वारसनोंद करायची म्हटली की अर्ज, फेरफार, हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. सगळे सुरळीत झाले तरी महिना-दीड महिना जातो. भावाबहिणींत वाद असेल तर किती लागेल सांगता येत नाही. खाते सामाईक असेल तर सहखातेदारांचे संमतीपत्र लागते. विहीर पंधरा वर्षांपासून चालू आहे, पण सातबाऱ्यावर तिची नोंद नाही, हेही गावोगाव दिसते. आधारवर 'ज्ञानेश्वर', सातबाऱ्यावर 'ज्ञानोबा', पासबुकात तिसरेच स्पेलिंग, अशी गत असेल तर पैसे मंजूर होऊनही खात्यात पडायला अडचण येते.

१५ एप्रिल २०२५पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीतला शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक आहे. तो जमिनीच्या नोंदीशी जोडलेला असल्यामुळे सातबारा चुकीचा असेल तर चूक तिथेही उतरते. म्हणून पाच वर्षांच्या नियोजनातले पहिले काम अर्जाचे नव्हे, नोंदी दुरुस्त करण्याचे. त्यासाठी सरकारची कुठलीही योजना जाहीर व्हावी लागत नाही.

गैरसमज ५ : जितक्या जास्त योजना घेऊ तितका फायदा.

वस्तुस्थिती : बहुतेक लाभ पुन्हा पुन्हा मिळत नाहीत. कृषी यांत्रिकीकरणात एका औजाराचा लाभ घेतला की त्याच औजारासाठी पुढची १० वर्षे अर्ज करता येत नाही. ठिबकचा लाभ एका क्षेत्रावर घेतला की त्याच क्षेत्रावर पुन्हा घ्यायला ७ वर्षे थांबावे लागते. एकाच कामासाठी दोन योजनांतून अनुदान घेणे तर नियमबाह्यच आहे. अनुदानाचे औजार ठरलेल्या मुदतीत विकणार नाही असे हमीपत्रही आपण लिहून दिलेले असते.

ट्रॅक्टरचेच पाहा. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के अनुदान म्हणून जाहिरात दिसते, पण त्यावरची कमाल मर्यादा अनेक वर्षे सव्वा लाख रुपये होती. सहा-सात लाखांच्या ट्रॅक्टरला सव्वा लाख म्हणजे वीस टक्क्यांच्या आतबाहेर. बाकीचे कर्ज. तीन एकरांवर तो हप्ता निघणार नसेल तर अनुदान मिळूनही घर अडचणीत येते. त्याऐवजी गरजेपुरता भाड्याने ट्रॅक्टर आणि अनुदानातून पॉवर टिलर किंवा फवारणी यंत्र, हे गणित कित्येकदा बरे बसते.

गैरसमज ६ : अनुदान हवे, पण बँकेच्या भानगडीत पडायचे नाही.

वस्तुस्थिती : उत्पन्न खऱ्या अर्थाने वाढवणाऱ्या काही मोठ्या योजना कर्जाशी जोडलेल्या आहेत. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आहे. किमान १० टक्के वाटा आपला आणि उरलेले बँकेचे कर्ज. अनुदान हातात येत नाही. ते बँकेत वेगळे ठेवले जाते आणि तीन वर्षे कर्जखाते नियमित राहिले तर कर्जात वळते होते. कृषी पायाभूत सुविधा निधीत तर अनुदानच नाही. तिथे २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षांपर्यंत ३ टक्के व्याजसवलत आहे.

याचा अर्थ सरळ आहे. पाचव्या वर्षी प्रक्रिया उद्योग उभारायचा असेल तर पहिल्या वर्षापासून पीककर्ज वेळेवर फेडून खाते स्वच्छ ठेवावे लागेल. थकबाकीदाराला अनुदान मंजूर होण्याचा प्रश्न येत नाही, कारण आधी कर्जच मंजूर होत नाही.

गैरसमज ७ : शेजारच्या गावाला मिळाले म्हणजे आपल्यालाही मिळेल, आज नाही तर उद्या.

वस्तुस्थिती : काही योजना गावानुसार असतात. जागतिक बँकेच्या साहाय्याने चालणाऱ्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या, म्हणजे पोकराच्या, दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्ह्यांतली ७,२०१ गावे आहेत. आपले गाव त्या यादीत असेल तर आपल्याला वेगळे दार उघडे आहे, नसेल तर नाही. काही योजना प्रवर्गानुसार असतात. अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि अनुसूचित जमातींसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना. नवीन विहिरीचे अनुदान या योजनांत २०२४मध्ये अडीच लाखांवरून चार लाखांवर गेले. आणि बहुतेक योजनांना मुदत असते. सूक्ष्म अन्न प्रक्रियेची योजनाही मुळात पाच वर्षांसाठीच आखलेली होती. पाच वर्षांच्या नियोजनात प्रत्येक घटकापुढे 'ही योजना नसली तर काय' याचे उत्तर लिहून ठेवावे लागते.

तीन एकरांची पाच वर्षे

आता जालना-अंबड भागातली तीन एकर कोरडवाहू जमीन डोळ्यासमोर धरू. एक एकर सीताफळ लावायचे आणि उरलेल्या दोन एकरांत कापूस-तूर चालू ठेवायचे असे ठरले. क्रम असा लागतो.

पहिले वर्ष कागदांचे आणि पाण्याचे. वारसनोंद, शेतकरी ओळख क्रमांक, आधार-बँक जोडणी पूर्ण करायची आणि वैयक्तिक शेततळ्याचा अर्ज करायचा. शेततळ्याला आकारमानानुसार जास्तीत जास्त ७५,००० रुपये मिळतात. खोदाई उन्हाळ्यातच होते, म्हणून पूर्वसंमती त्याआधी हातात हवी. प्लॅस्टिक अस्तराचा खर्च वेगळा धरायचा.

दुसऱ्या वर्षी सौर पंप. 'मागेल त्याला सौर कृषीपंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के आहे. अडीच ते पाच एकरांपर्यंत ५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. पाणी आणि पंप हाताशी आल्यावरच ठिबक आणि फळबाग यांचे अर्ज एकत्र करायचे. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणाबाहेर किमान २० गुंठे क्षेत्र लागते, म्हणजे एक एकर त्यात बसते. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे येते आणि पुढचे हप्ते झाडे ठरलेल्या प्रमाणात जगली तरच मिळतात. पाण्याआधी फळबाग घेतली तर झाडेही जातात आणि हप्तेही.

तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी नवे काही फार अंगावर घ्यायचे नाही. बाग जगवायची, हप्ते वसूल करायचे, गरजेचे एखादे छोटे औजार घ्यायचे. याच काळात गावातल्या उत्पादक कंपनीत किंवा गटात सामील व्हायचे, कारण एक एकराच्या फळावर एकट्याने गर काढणी आणि शीतसाखळी उभारणे परवडत नाही. पाचव्या वर्षी फळ हाती येऊ लागेल. प्रक्रियेची योजना तेव्हा चालू असेल तर गटातून अर्ज, नसेल तर ताज्या फळाची विक्री. शेत दोन्ही परिस्थितीत उभे राहते, कारण ते अनुदानाच्या आशेवर आखलेले नाही.

या पाच वर्षांत सगळी अनुदाने मिळतीलच असे नाही. पण जे मिळेल ते आधीच्या कामाला जोडून येईल आणि पुढच्या कामाला उपयोगी पडेल.

तेव्हा नव्या योजनेच्या जाहिरातीची वाट पाहू नका. या आठवड्यातच सातबारा आणि आठ-अ काढा. नाव, क्षेत्र, विहीर आणि वारस या चार नोंदी आधार आणि पासबुकाशी ताडून पाहा. चूक असेल तर तलाठ्याकडे दुरुस्तीचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मग घरात सगळ्यांनी बसून पाच वर्षांचा क्रम वहीत उतरवा आणि ती वही घेऊन कृषी सहायकाला भेटा. 'साहेब, कोणती योजना आलीय?' असे विचारू नका. 'माझ्या शेताला यंदा हे हवे आहे, ते कशात बसते?' असे विचारा.