बँकेचे विवरण आणि घरचा संगणकीय जमाखर्च

घरचा जमाखर्च वहीऐवजी संगणकावर ठेवणाऱ्यास बँकेच्या खात्याचे विवरण थेट हिशेबात उतरवून घेता येते. या क्रियेस आयात असे म्हणतात. आयात मध्येच अडली, तर ते निदान तात्काळ कळते. ती विनातक्रार पार पडली आणि नोंदी मात्र चुकीच्या जागी बसल्या, तर आयकराचे विवरणपत्र भरेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही.

'ग्नूकॅश' ही दुहेरी नोंद पद्धतीवर चालणारी, विनामूल्य मिळणारी प्रणाली येथे उदाहरणादाखल घेतली आहे. (ग्रामपंचायतींच्या हिशेबासाठी ई-ग्रामस्वराज ही वेगळी प्रणाली आहे, हे विवेचन वैयक्तिक जमाखर्चापुरतेच आहे.)

सर्वांत फसवी चूक तारखेची. आपल्याकडे दिवस आधी लिहितात, अमेरिकेत महिना आधी. ०३/०४/२०२५ म्हणजे आपला ३ एप्रिल. महिना आधी धरल्यास तोच ४ मार्च होतो. मध्ये ३१ मार्च येत असल्याने ती रक्कम थेट मागील आर्थिक वर्षात जाऊन पडते. तेरावा महिना नसल्यामुळे १३ तारखेपासूनच्या नोंदी आयातीच्या वेळी सदोष म्हणून दाखविल्या जातात. पहिल्या बारा दिवसांच्या नोंदी मात्र निमूटपणे आत शिरतात. वर्षात अशा फसव्या तारखा १३२ आहेत. विवरण केवळ महिन्याच्या पहिल्या आठवड्याचे असेल, तर एकही दोष दिसत नाही आणि रकमा त्याच असल्याने अखेरची शिल्लकही जुळते! म्हणून आयातीच्या पडद्यावर दिवस-महिना-वर्ष हा क्रम स्वतः निवडावा आणि ज्या व्यवहाराची तारीख पक्की ठाऊक आहे, अशी एखादी नोंद तेथेच पडताळून घ्यावी.

दुसरी अडचण दुबार नोंदींची. ओएफएक्स प्रकारच्या फाईलीत प्रत्येक व्यवहारास बँकेने दिलेला ओळखक्रमांक असतो, त्यामुळे आधी आलेली नोंद ओळखता येते. सीएसव्ही फाईलीत असा क्रमांक नसतो. तेथे रक्कम आणि तारीख यांच्या साम्यावरून अंदाज बांधला जातो. लागोपाठच्या दोन दिवशी तेवढेच बसभाडे दिले असेल, तर खरी नोंदही जुनीच समजली जाण्याचा संभव असतो. जुळणीच्या यादीत नवी कोणती व जुनी कोणती, हे दाखविलेले असते. ती यादी न वाचता पुढे जाणे हेच बहुतेक घोटाळ्यांचे मूळ होय.

सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये उघडून पुन्हा जतन केल्यास धनादेश क्रमांकाच्या आरंभीची शून्ये गळतात आणि स्वतंत्र रकान्यातील बारा अंकी संदर्भक्रमांकाचे संक्षिप्त रूप होऊन मूळ अंक नाहीसे होतात. मूळ फाईल तशीच राखून दुरुस्ती तिच्या प्रतीवर करावी. १,२५,००० ही रक्कम अवतरणचिन्हांत नसेल, तर तिच्यातील स्वल्पविराम रकाने तोडतात, याकडेही लक्ष असावे.

आयातीपूर्वी हिशेबाच्या फाईलीची प्रत काढावी आणि प्रथम चार-पाच ओळीच आत घ्याव्यात. त्यानंतर केवळ शेवटची नव्हे, तर प्रत्येक महिनाअखेरची शिल्लक बँकेच्या आकड्याशी ताडून पाहावी. तारखेची अदलाबदल बहुधा येथे उघडकीस येते. ज्या नोंदींची दुसरी बाजू ठरविलेली नसते, त्या 'इम्बॅलन्स-आयएनआर' नावाच्या खात्यात जमा होतात. प्रत्येक नोंदीस योग्य खाते देऊन ते रिकामे होईपर्यंत आयातीचे काम पुरे झाले असे धरू नये.