एका तंबुऱ्यात अनेक वारसे : तीजनबाईंची पंडवानी कशी घडली?

नंदिनी नगर (छत्तीसगड) : भिलाई पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या खाणीची ही वसाहत ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील गावांनी पंडवानीला तिचा सर्वांत परिचित आवाज दिला. 1956 मध्ये जन्मलेल्या आणि भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई यांना 2019 मध्ये पद्मविभूषण सन्मान मिळाला. त्यांची धारदार, खर्जाकडे झुकणारी गायकी ही केवळ उपजत देणगी मानली जाते. प्रत्यक्षात तिच्यामागे वेगवेगळे संस्कार आहेत आणि ते ओळखता येतात.

पंडवानी म्हणजे पांडवांची कथा. छत्तीसगडी बोलीत ती गायली, सांगितली आणि अभिनित केली जाते. तिचा लाडका नायक अर्जुन नव्हे, तर भीम आहे. या कलेच्या दोन शाखा मानल्या जातात. वेदमती शाखेत गायक बसून, ग्रंथाचा आधार घेऊन कथा सांगतो. कापालिक शाखेत तो उभा राहतो आणि स्मरण व कल्पना यांच्या बळावर प्रसंग फुलवतो.

पहिला संस्कार घरचा. आईकडील आजोबा ब्रजलाल महाभारताच्या कथा गात असत आणि लहानग्या तीजनने त्या ऐकून पाठ केल्या. त्या कथांचा आधार सबलसिंह चौहान यांचे दोहा-चौपाईतील महाभारत हा होता. अक्षरओळखीच्या आधी कानाने आलेल्या या छंदांनी त्यांच्या गायनाला लयीचा कणा दिला. पुढे उमेदसिंह देशमुख यांच्याकडून त्यांना अनौपचारिक शिक्षण मिळाले.

दुसरा संस्कार स्वीकारण्यासाठी मात्र धाडस लागले. स्त्रियांनी गायचे तर बसून, वेदमती पद्धतीने, असा रिवाज होता. तीजनबाईंनी पुरुषांची मानली गेलेली कापालिक शैली निवडली. वयाच्या तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात त्यांनी पहिला कार्यक्रम केला, तो दहा रुपये मानधनावर. पारधी समाजातील या मुलीला गाण्यापायी बहिष्कार सोसावा लागला आणि झोपडी बांधून एकटे राहावे लागले. उभे राहण्याचा तो निर्णयच त्यांच्या शैलीचे मर्म ठरला. उभ्या गायिकेला पावलांचा ठेका मिळतो, छातीतून सूर फेकता येतो आणि सारा रंगमंच वापरता येतो.

तिसरा घटक संगतीचा. हार्मोनियम, तबला, ढोलक आणि मंजिरा यांच्यासोबत एक ‘रागी’ असतो. तो कथेला हुंकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो आणि ध्रुवपद उचलून धरतो. मराठी श्रोत्याला येथे कीर्तनातील टाळकऱ्यांची किंवा गोंधळातील साथीदाराच्या सवाल-जबाबांची आठवण होईल. रागीच्या प्रश्नामुळे गायिकेला श्वास मिळतो आणि श्रोत्याची उत्सुकता ताणली जाते. मोरपिसांनी सजवलेला तंबुरा स्वर धरतोच, शिवाय प्रसंगानुसार तो भीमाची गदा होतो आणि अर्जुनाचे धनुष्यही होतो.

चौथा संस्कार आधुनिक रंगभूमीचा. छत्तीसगडी लोककलावंतांना घेऊन ‘नया थिएटर’ उभारणारे नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर यांनी तीजनबाईंची ताकद हेरली आणि गावाबाहेरचा रंगमंच त्यांच्यापुढे खुला झाला. रात्र रात्र चालणारी कथा नागर सभागृहाच्या मोजक्या वेळेत बसवावी लागली. तेव्हा भाषा न समजणाऱ्या प्रेक्षकासाठी मुद्राभिनय आणि आवाजाचे चढउतार यांचे महत्त्व वाढले. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ या दूरदर्शन मालिकेमुळे ही कला घराघरांत पोहोचली. तीजनबाईंनी भिलाई पोलाद कारखान्यात नोकरीही केली.

1995 मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि 2003 मध्ये पद्मभूषण, असे सन्मान त्यांना लाभत गेले. ज्या उभ्या गायनापायी एका मुलीला समाजाबाहेर काढले गेले, तेच आज पंडवानीची ओळख बनले आहे. भिलाईच्याच पंडवानी गायिका उषा बारले यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र कापालिक शैली पोथीत मावत नाही. आजोबांचे गाणे नातीच्या कानी पडत राहिले, तरच तिचा पुढचा आवाज घडेल.