ऑफरोड टायर घेताय? आधी तुमचा रस्ता मोजा

मागच्या जुलैमध्ये मी आणि बाबा पुण्याहून मंडणगड तालुक्यातल्या आमच्या गावी निघालो होतो. भाताची लावणी होती. बाईक हिमालयन ४११, आणि तिला आदल्याच दिवशी नवेकोरे नॉबी टायर टाकलेले. ताम्हिणी घाटात एका उतारावरच्या वळणावर पुढचं चाक सरकलं. वेग जेमतेम ३५ असेल. मला खरचटण्यावर भागलं, पण बाबांचं डावं मनगट फ्रॅक्चर झालं. सहा आठवडे प्लॅस्टर. त्या वर्षीची लावणी काकांनी एकट्याने केली.

दवाखान्यात बाबा एवढंच म्हणाले, "टायर बघून टायर घेतलास. रस्ता बघून घ्यायचा होतास."

आमच्या ऑफिसात सर्व्हर पडला की नंतर पोस्टमॉर्टेम लिहितात: काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. मी या पडण्याचं तसंच लिहून काढलं. त्यातून टायरबद्दल जे समजलं ते या लेखात देतोय. हिमालयन, एक्सपल्स, ३९० अ‍ॅडव्हेंचर किंवा तशीच बाईक असेल आणि टायर बदलायचा विचार असेल तर आधी हे वाचा.

५०/५०, ८०/२० म्हणजे नक्की काय?

दुहेरी वापराच्या टायरवर असे आकडे सांगितले जातात. पहिला आकडा रस्त्याचा, दुसरा ऑफरोडचा. ८०/२० म्हणजे मुख्यतः डांबरी रस्त्यासाठी, अधूनमधून कच्च्यावर. ५०/५० म्हणजे दोन्हीकडे सारखा.

पण एक लक्षात घ्या. हे आकडे कुठल्याही प्रमाणित चाचणीतून येत नाहीत. कंपनी आपल्या टायरची ओळख करून देण्यासाठी ते वापरते. एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला ठीक, पण एका कंपनीचा ७०/३० आणि दुसरीचा ७०/३० सारखाच असेल असं नाही. मॉडेलच्या नावातल्या आकड्यालाही फसू नका. कॉन्टिनेंटलच्या टीकेसी ८० मध्ये ८० आहे म्हणून तो ८० टक्के रस्त्याचा नाही. तो चांगला मोठ्या ठोकळ्यांचा टायर आहे.

म्हणून आकडा बाजूला ठेवा आणि टायरकडे बघा. तीन गोष्टी दिसतील.

१. रबर किती, मोकळी जागा किती

टायर जमिनीला टेकतो ती जागा साधारण तळहाताएवढी असते. तिचा अंदाज काढता येतो: चाकावरचं वजन भागिले हवेचा दाब. माझ्या बाईकवर एकटा असताना मागच्या चाकावर अंदाजे १५० किलो येतात असं धरू. ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.२५ किलो. म्हणजे टेकणारी जागा झाली साधारण ६७ चौरस सेंटीमीटर. टायरच्या स्वतःच्या कडकपणामुळे प्रत्यक्षात थोडा फरक पडतो, पण हिशोब समजायला एवढं पुरे.

आता डांबरावर या ६७ मधलं फक्त रबर काम करतं. ठोकळ्यांमधली मोकळी जागा हवेत असते. ठोकळे जितके लांब लांब, तितकं रस्त्याला लागणारं रबर कमी. ओल्या डांबरावर पकड आधीच कमी असते, तिथे हे लगेच जाणवतं.

चिखलात बरोबर उलटं होतं. ठोकळे आत रुततात आणि मधल्या जागेत माती पकडली जाते. टायर पुढे ढकलतो तो त्या मातीला. फटी बारीक असतील तर त्यात चिखल भरून बसतो आणि टायर गुळगुळीत होतो. कोकणातली लाल माती फार चिकट, ती दोन-तीन फेऱ्यांतच नक्षी बुजवून टाकते. फटी रुंद असतील तर चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो.

म्हणजे जी मोकळी जागा चिखलात तारते, तीच ओल्या घाटात मारते. दोन्हीकडे उत्तम असा टायर का मिळत नाही, त्याचं मुख्य कारण हेच.

२. ठोकळ्याची उंची

एक खोडरबर टेबलावर उभा धरा आणि वरून दाबून पुढे ढकला. तो वाकतो. आता तोच आडवा ठेवून ढकला. फारसा वाकत नाही. उंच, सुटे ठोकळे ब्रेक मारताना आणि वळणावर असेच वाकतात. बाईक जरा डुगडुगल्यासारखी वाटते ती त्यामुळे. वाकण्यातून उष्णता तयार होते आणि झीजही वाढते. माझ्या मागच्या टायरचे मधले ठोकळे तीन हजार किलोमीटरांतच निम्म्यावर आले होते, कारण त्यातला बहुतेक प्रवास हायवेचा होता.

म्हणून रस्त्याकडे झुकणाऱ्या टायरमध्ये मधली पट्टी जवळजवळ सलग असते, किंवा ठोकळे एकमेकांना खालून रबराने जोडलेले असतात. दुकानात फटीत बोट घालून बघा, जोड असेल तर हाताला लागतो.

३. बाजूच्या भिंतीवरचा मजकूर

माझ्या पुढच्या टायरवर ९०/९०-२१ आणि ५४ एस असं लिहिलंय. ९० मिलिमीटर रुंदी, उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम २१ इंच. ५४ हा वजनाचा कोड, म्हणजे जास्तीत जास्त २१२ किलो. एस हा वेगाचा कोड, ताशी १८० किलोमीटर. नॉबी टायरवर बऱ्याचदा क्यू असतो, म्हणजे १६०. आपल्या वापराला तेवढा पुरतो, पण वजनाचा कोड कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी घेऊ नका. मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना बॅगा असतील तर अजिबात नाही.

चार आकड्यांची तारीखही शोधा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होतं. सवलतीत मिळणारा टायर किती जुना आहे ते आधी वाचा.

साइझ बदलायचा मोह टाळा. १२०/९०-१७ चा व्यास येतो सुमारे ६४८ मिलिमीटर. त्याजागी १३०/८०-१७ घातला तर ६४०. फरक सव्वा टक्क्याच्या आसपास, छोटा वाटतो. पण एबीएस पुढच्या आणि मागच्या चाकाच्या वेगांची तुलना करून काम करतं, आणि ते मूळ व्यास धरून बसवलेलं असतं. शिवाय अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर त्याचा गोलवा बिघडतो. दिसायला भारी, वळायला जड.

मग मी का पडलो?

तीन कारणं सापडली. पहिलं वर आलंच: जास्त मोकळ्या जागेचा टायर आणि ओला घाट.

दुसरं, टायर नवे होते. नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो. तो घासला जाईपर्यंत, म्हणजे पहिले शे-दीडशे किलोमीटर, सावकाश चालवायचं असतं. मी शुक्रवारी टायर टाकले आणि शनिवारी बाबांना मागे बसवून घाटात उतरलो.

तिसरं कारण मला सगळ्यात जास्त टोचलं. टायर रिमवर नीट बसावा म्हणून दुकानात सुरुवातीला जास्त हवा भरतात. ती नंतर उतरवायची असते. त्या दिवशी ती उतरवली गेली नाही आणि मीही तपासलं नाही. दुसऱ्या दिवशी गेजने बघितलं तर पुढे ३८ होती, लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे आधीच कमी असलेलं रबर आणखी कमी टेकत होतं. दीडशे रुपयांच्या गेजने हे कळलं असतं.

मी रस्ता कसा मोजला

फोनमधल्या मॅपच्या नोंदींवरून मागच्या जून ते नोव्हेंबरचा हिशोब केला. एकूण ४,१८० किलोमीटर. त्यातले डांबर आणि काँक्रीट ३,९००. खडी आणि मुरमाचे कच्चे रस्ते २०८. आणि गावाच्या फाट्यापासून घरापर्यंतचा चार किलोमीटरचा रस्ता, नऊ वेळा जाऊन-येऊन ७२. टक्केवारीत साधारण ९३, ५ आणि २. आणि मी घेतला होता ५०/५०.

पण हा हिशोब इथेच संपत नाही. नुसते किलोमीटर बघितले तर मी साधा रस्त्याचा टायर घ्यायला हवा. पण त्या चारांतला सव्वा किलोमीटर पावसाळ्यात पूर्ण लाल चिखल असतो. तिथे तसा टायर जागेवर फिरत राहतो. म्हणून प्रत्येक प्रकारच्या रस्त्यापुढे मी दोन प्रश्न लिहिले: इथे वेग किती असतो? घसरलो तर काय होईल? चिखलात वेग दहा, पडलो तर कपडे धुवायचे. घाटात वेग चाळीस, शेजारी कठडा, समोरून एसटी, आणि मागे बाबा. उत्तर तिथेच मिळालं. टायर घाटासाठी निवडायचा, आणि चिखलासाठी दुसरी सोय करायची.

मी ७०/३० प्रकारचा टायर घेतला: मधली पट्टी जवळजवळ सलग, कडेचे ठोकळे मोकळे. ओल्या रस्त्यासाठी सिलिका असलेलं रबर. चिखलासाठी फाट्यावर थांबून मागची हवा ३२ वरून २४ वर आणतो. वरच्याच हिशोबाने टेकणारी जागा ६७ ची ८९ होते, म्हणजे एक तृतीयांश जास्त. परत डांबराला लागायच्या आधी बॅटरीवरच्या छोट्या पंपाने पुन्हा ३२.

यापेक्षा फार खाली मी जात नाही. माझ्या स्पोकच्या चाकांत ट्यूब आहे. हवा फार कमी झाली की दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते, किंवा टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह उपटतो. रस्त्यात चाक काढायची तयारी असेल तरच ते धाडस करा. ट्यूबलेसला चिमटण्याची भीती नसते, पण रिम वाकू शकते.

तुमचा हिशोब वेगळा निघेल. रोज खाणीच्या किंवा धरणाच्या कामावर कच्च्याने जाणारा असाल तर ५०/५० तुमच्यासाठी बरोबर असू शकतो. वर्षातून एकदा स्पितीला जायचं म्हणून मात्र बाकी अकरा महिने पुण्याच्या ओल्या रस्त्यावर नॉबी फिरवू नका.

थोडक्यात

- सहा महिन्यांचे किलोमीटर रस्त्याच्या प्रकारानुसार लिहा, आणि त्यापुढे वेग आणि परिणाम.
- टक्क्यांपेक्षा नक्षी, ठोकळ्यांची उंची आणि जोड बघा.
- साइझ आणि वजनाचा कोड कंपनीचाच ठेवा, तारीख वाचा.
- दुकानातून निघण्यापूर्वी हवा स्वतः तपासा.
- पहिले दीडशे किलोमीटर एकट्याने, सावकाश, आणि शक्यतो कोरड्यात.

यंदा लावणीला पुन्हा दोघं गेलो. फाट्यावर पोचलो तेव्हा पाऊस असा कोसळत होता की टायर कुठलाही असता तरी उपयोग नव्हता. बाईक तिथल्या दुकानाच्या पडवीत लावली आणि घरापर्यंत चालत गेलो. बाबांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही. ते लहानपणापासून तसेच जात आलेत.